बारा पांढऱ्या ओढण्या

कापड आधी धुवून घ्यायचं, म्हणजे त्यातली खळ निघून जाते. ओलं असतानाच बांधायला घ्यायचं. रंगाची पूड आधी पेलाभर गरम पाण्यात कालवायची, मगच मोठ्या पाण्यात ओतायची. वरून मीठ. अर्धा तास उकळायचं आणि काठीने हलवत राहायचं. गार पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचं, आणि वाळल्याशिवाय दोरे सोडायचे नाहीत.

हे सगळं माझ्या वहीत होतं. दोन हजार सोळा साली, मी दुसऱ्या वर्षाला असताना, डहाणूच्या आमच्या कॉलेजात बांधणीचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. उंबरगावकडून एक बाई शिकवायला आल्या होत्या. त्यांच्याभोवती मुलींचा एवढा घोळका असायचा की मला त्यांचे हात कधी दिसलेच नाहीत. मी मागे उभी राहून त्या जे बोलत होत्या ते लिहून घेत होते. एका बादलीवर सहा-सहा मुली होत्या आणि माझ्या वाट्याला बादली धरून ठेवण्याचं काम आलं. म्हणजे मी स्वतः एकही गाठ बांधली नव्हती. पण वही पूर्ण होती. शिबिराला आलेल्या दुसऱ्या कोणाचीच वही पूर्ण नव्हती, हे मला माहीत होतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

पुढे जानेवारीत गॅदरिंग आलं. आमच्या वर्गाच्या बारा मुलींचा नाच बसला होता. कपडे हिरवे ठरले होते, सगळ्यांनी ते मिळवलेही होते. त्यावर पिवळ्या ओढण्या हव्या होत्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. तशा बाजारात मिळेनात, म्हणून वर्गाने बारा पांढऱ्या सुती ओढण्या आणल्या. आमची वर्गप्रतिनिधी सरावली गावची होती, बोलण्यात कोणाला न ऐकणारी. तिने वर्गात उभं राहून विचारलं की शिबिरात एवढ्या सगळ्या होतात, आता कुणाला येतं ते सांगा. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी म्हणाले, "मला येतं."

पुढच्या बाकांवरच्या मुली मागे वळल्या. कोण बोललं हे त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. दीड वर्षात मी वर्गात नाव पुकारल्याशिवाय बोलले नव्हते. का बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. वही दप्तरात होती, एवढंच.

प्रतिनिधी माझ्या बाकापाशी आली. "नक्की ना? शनिवारी कार्यक्रम आहे. ह्या बारा बिघडल्या तर दुसऱ्या नाहीत."

"नक्की," मी म्हणाले.

होस्टेलवर शेगडी लावायला परवानगी नव्हती. म्हणून बुधवारी दुपारी डहाणूतून पिवळ्या रंगाच्या पुड्या घेतल्या आणि घरी निघाले. चारोटीपर्यंत एसटी, तिथून तलासरीपर्यंत जीप, आणि तिथून पुढे पाड्यापर्यंत चालत. जीपमध्ये पिशवी मांडीवर होती. मी सारखी तिच्यात हात घालून ओढण्या चाचपत होते. शेजारच्या म्हातारीने शेवटी विचारलं, आत कोंबडी आहे का.

घरी आई आणि शेजारच्या घरात काकी. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे काकीची धार थोडी कमी झाली असेल. आईला मी सगळं सांगितलं. ओढण्या माझ्या नाहीत, वर्गाच्या आहेत, आणि शनिवारी त्या परत न्यायच्या आहेत, हेही सांगितलं. आईने एकच विचारलं, की हे काम तुला त्यांनी दिलं की तू मागून घेतलंस. मी मागून घेतलं म्हटल्यावर ती दुसऱ्या दिवशी मजुरीला गेली नाही.

गुरुवारी सकाळी हातपंपावर ओढण्या धुतल्या आणि आम्ही तिघी ओटीवर बसलो. शिबिरात ठिपक्यांसाठी चणे वापरले होते. आमच्याकडे चणे नव्हते, गाडग्यात वाल होते. वालाचा दाणा कापडाखाली धरायचा, कापड त्याच्यावर ओढून घ्यायचं आणि खालून दोरा गुंडाळायचा. मी एक करून दाखवला. दाणा दोनदा निसटला. मग दोरा गुंडाळून मी दोन गाठी मारल्या, त्या मारताना दात लावावे लागले.

काकी बघत होती. "कॉलेजात एवढे कपडे कशाला उकडतात गं? आम्ही उवा झाल्या की उकडतो."

आई हसली आणि तिने दुसरी ओढणी ओढून घेतली. माझे तीन ठिपके होईपर्यंत तिचे वीस झाले. ती गाठ मारतच नव्हती. दोरा पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळायचा, टोकाला पीळ द्यायचा आणि अंगठ्याने तो वेढ्याखाली खोचून टाकायचा. भाताच्या रोपांची मूठ आमच्याकडे अशीच बांधतात. आवणीच्या वेळी खणून काढलेली रोपं मुठी बांधून चिखलात फेकायची, आणि लावणारीने ती उचलून अंगठ्याने नुसती ढकलली की मूठ मोकळी झाली पाहिजे. गाठी सोडत बसायला कोणाला वेळ असतो. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून मुठी बांधते. काकीही तशाच बांधत होती. दोघींना हातांकडे बघावं लागत नव्हतं, त्या बोलत होत्या आणि हात चालले होते.

मी ते पाहिलं. स्पष्ट पाहिलं. उकळत्या पाण्यात हे टिकेल का, असं माझ्या मनात आलं. पण वहीत गाठ कशी मारायची ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी घट्ट बांधा एवढंच म्हटलं होतं, आणि आईने बांधलेलं घट्ट दिसत होतं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात आई काकीला म्हणाली, "हे तर आपलंच काम निघालं." मी कॉलेजात काय करते हे आईला कधी नीट समजावून सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला माझ्या शिक्षणातलं काहीतरी हाताने करता येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मी तोंड मिटलं आणि माझ्या पुढच्या ठिपक्यांनाही आईसारखाच दोरा खोचायला लागले. भरभर होत होतं.

दुपारच्या आत बाराही ओढण्या बांधून झाल्या. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. रंगासाठी तेलाचा मोठा पत्र्याचा डबा घेतला. त्यात एका वेळी चारच ओढण्या मावत होत्या. पिवळं पाणी उकळायला लागल्यावर पहिल्या चार सोडल्या आणि मी काठीने हलवत राहिले.

थोड्या वेळाने काठी जड लागली. वर काढली तर टोकाला दोरा गुंडाळून आला होता, पिवळा झालेला, शेवयांसारखा. फार नव्हता. आई चुलीत लाकूड सारत होती. तिने काठीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, ती काहीतरी म्हणेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी दोरा काढून बाजूला टाकला आणि वहीत बघितलं. तिथे लिहिलेला अर्धा तास झाला होता. त्या चार काढल्या आणि पुढच्या चार सोडल्या. मग शेवटच्या चार.

वाळल्याशिवाय सोडायच्या नाहीत, हा नियम मी पाळला. खरं म्हणजे सोडण्यासारखं फारसं राहिलंच नव्हतं, कुंपणावर टाकताना वालाचे दाणे टपटप खाली पडत होते. पण वाळल्यावर काहीतरी वेगळं दिसेल असं मला वाटत राहिलं. मी घरातून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून घरात अशा फेऱ्या घालत होते. चारच्या सुमारास एक ओढणी खाली घेतली. सगळीकडे पिवळी. जिथे ठिपके असायला हवे होते तिथे फिकट डाग होते, ताटात हळद सांडून कोणीतरी अर्धवट पुसल्यासारखे. दुसरी तशीच. तिसरी तशीच. बाराही बघितल्या.

काकी डब्याशी वाकली. तळाला वाल फुगून फुटले होते. "शेवटी उसळच केली आपण," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने डबा उचलला आणि लांब नेऊन उपडा केला.

त्या संध्याकाळी आई रागावली नाही. आता काय, एवढंच तिने विचारलं. मला शनिवारशिवाय काही दिसत नव्हतं. बारा मुली उभ्या आहेत, आणि मी पिशवीतून हे काढते आहे. नुसत्या पिवळ्या ओढण्या असत्या तरी चाललं असतं, पण ह्यांच्यावर डाग होते. वहीची पानं पुन्हा पुन्हा उलटली. शेवटच्या पानावर बाईंचं एक वाक्य होतं, बहुतेक जाता जाता सांगितलेलं: फिका रंग आधी, गडद रंग नंतर, मधे पुन्हा बांधा. म्हणजे पिवळ्याचेच ठिपके राखून वरून गडद रंग देता येत होता. मी ते आईला वाचून दाखवलं. ह्या वेळी गाठ कुठली मारायची हे काकीनेच ठरवलं. कारवीचा कुड बांधताना मारतात ती. वारा-पावसात घराची भिंत धरून ठेवते, तर ओढणीचं काय घेऊन बसलीस, म्हणाली.

शुक्रवारी उजाडताच मी रंग आणायला तलासरीला गेले. दुकानदार गुजराती होता. त्याने मी नेलेल्या ओढणीचं टोक बोटांत चोळून पाहिलं, सुती आहे म्हणाला, आणि कोणी बिघडवलं ते विचारलं. मी लाल मागितला. "लाल सगळा गेला, बेन. लग्नाचे दिवस." त्याच्याकडे बारा ओढण्यांना पुरेल एवढा काळा होता आणि गर्द हिरवा होता. नाचाला काळ्या ओढण्या नेण्याची माझी हिंमत झाली नाही. मी हिरवा घेतला. मुलींचे कपडे हिरवे आहेत हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण पिवळे ठिपके उठून दिसतील, चालून जाईल, असं मी स्वतःला सांगत होते.

आमच्या पाड्यावर फोनला रेंज नसायची. तलासरीत ती आली आणि फोन थरथरायला लागला. प्रतिनिधीचे तीन मिस्ड कॉल होते. बघत होते तेवढ्यात पुन्हा तिचाच आला.

"अगं कुठे गायब आहेस? झाल्या का?"

हिरव्या पुड्या माझ्या दुसऱ्या हातात होत्या. "हो," मी म्हणाले. "होत आल्यात."

"छान आल्यात ना?"

"हो."

ती खूश झाली. मुलींना सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. परत फोन लावावा म्हणून तिचं नाव दोनदा काढलं. जीप आली आणि मी चढले.

त्या दिवशीचं काम चांगलं झालं, हे मी खोटं सांगणार नाही. काकीने मला कुडाची गाठ शिकवली. वाल टाकून देऊन ओहोळातले बारीक खडे घेतले, ते फुगत नाहीत. डब्यात एकही दोरा सुटला नाही. शनिवारी सकाळी गाठी सोडायला बसलो तर त्या सुटेनात. ब्लेडने एकेक कापावी लागली. एका ओढणीला माझ्या हातून छोटं भोक पडलं. पण कापड उघडलं की आत गोल पिवळा ठिपका असायचा, कडेला फिकट हिरवी रेघ. आईने एक ओढणी उन्हात धरली आणि तिच्यातून अंगणाकडे बघितलं. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी जीपची वेळ मोजत होते.

कॉलेजात पोचले तेव्हा बारा वाजले होते. कार्यक्रम तीनला होता. आमच्या वर्गातच मुली तयार होत होत्या, सगळ्या हिरव्यागार. प्रतिनिधीने पिशवी उघडली, एक ओढणी काढली, मग दुसरी. बाकीच्या गोळा झाल्या.

"हिरव्या?" ती म्हणाली.

मी सांगितलं की पिवळा रंग बिघडला, म्हणून वरून हिरवा दिला.

"कधी बिघडला?"

"परवा संध्याकाळी कळलं."

"आणि मी काल फोन केला होता."

मागून कोणीतरी म्हणालं की आता स्टेजवर आम्हाला शोधायला बॅटरी लावा. दोघी-तिघी हसल्या. एक म्हणाली, शेत म्हणून उभं राहू, नाचायची गरज नाही. प्रतिनिधी हसली नाही. तिने ओढणी आपल्या खांद्यावर टाकून बघितली. खरंच काही दिसत नव्हतं, हिरव्यात हिरवं.

"ओढण्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पण काल सांगितलं असतंस तर आम्ही घरून युनिफॉर्मचे पांढरे ड्रेस आणले असते. एवढंच तर करायचं होतं."

कोणाचं घर वरोरला, कोणाचं त्याहून लांब. आता जाऊन आणण्याइतका वेळ नव्हता. पण होस्टेलच्या मुलींकडे पांढरे ड्रेस होते. मी म्हणाले, मी आणते. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या "आणते"वर विश्वास ठेवावा की नाही हे ती ठरवत असावी. मी तिचं ठरायची वाट न बघता निघाले.

दीड वर्ष त्या होस्टेलवर राहून मी माझी खोली सोडून दुसऱ्या कुठल्याच दारावर कधी थाप मारली नव्हती. त्या दुपारी सगळ्या दारांवर मारली. प्रत्येक ठिकाणी आधी कशाला हवा ते सांगावं लागायचं. पहिल्या दारात मी गोल गोल बोलले, तर ती मुलगी म्हणाली तुला नक्की काय हवंय. दुसऱ्या दारापासून मी सरळ सांगायला लागले: वर्गाच्या ओढण्या माझ्या हातून बिघडल्या, फोनवर खोटं बोलले, तुझा पांढरा ड्रेस दे. एकीने सोमवारसाठी इस्त्री करून ठेवलेला दिला. एकीने दार लावून घेतलं. एकीने दिला आणि पायऱ्यांपर्यंत चिडवत आली. दहा मिळाले. दोन मुली हिरव्यातच मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

नाच झाला. टाळ्या पडल्या, सगळ्या नाचांना पडत होत्या तेवढ्याच. मी पडद्याच्या बाजूला उभी होते. मला तो नाच आठवत नाही. ओढण्या आतून अजून दमट होत्या आणि घामाने पांढऱ्या ड्रेसच्या खांद्यांवर हिरवा रंग उतरत होता. मी तेच बघत होते. रविवारी दिवसभर ते दहा ड्रेस धुतले. आठ साफ निघाले. दोघींकडे जाऊन डाग दाखवले आणि माफी मागितली.

पुढच्या रविवारी घरी गेले. आई ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. लोक काय म्हणाले, तिने विचारलं. ओढण्या चांगल्या आहेत म्हणाले, असं मी सांगू शकले असते, ते खरंही होतं. तिला तेवढंच हवं होतं बहुतेक. पण आठ दिवस माझ्या डोक्यात ती काठी फिरत होती.

"आई, पहिल्या दिवशी तू दोरा खोचत होतीस ते मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं सुटेल. मी बोलले नाही."

तिने सूप हलवायचं थांबवलं नाही. "मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "उकळत्या पाण्यात मूठ कुठे टिकते. पण म्हटलं, तू शिकून आलीस. तुमच्यात असंच करत असतील."

"मग काठीला दोरा आला तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा तुझ्याकडे बघितलं ना, बाय. तू दुसऱ्या चार टाकल्यास."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने फोलपटं अंगणात उडवली आणि पुढचा मापटाभर तांदूळ सुपात घेतला. मी तिच्या शेजारी बसून खडे वेचायला लागले. वेचता वेचता मला हिशेब लागत गेला, की "परवा संध्याकाळी कळलं" असं जे मी वर्गात सांगितलं, तेही खरं नव्हतं.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी प्रतिनिधीकडे गेले. ती कोणाच्या तरी वहीतून उतरवून घेत होती. मी म्हणाले, ओढण्या बिघडल्याचं मला संध्याकाळी नाही कळलं. दुपारीच कळलं होतं, पहिल्या चार डब्यात असतानाच. त्यानंतर मी आठ टाकल्या.

तिने पेन थांबवलं. "म्हणजे आठ वाचल्या असत्या."

"हो."

"मग हे आता कशाला सांगतेस? झालं ना गॅदरिंग."

मी तशीच उभी राहिले, कारण सांगून लगेच निघून जाणं मला बरोबर वाटेना. तिने पुन्हा वहीतून उतरवायला घेतलं. मग सर आले आणि आम्ही दोघी आपापल्या जागी बसलो.